नॅशव्हिलचं इजिप्शियन चर्च: मॉडेलच्या नोंदी

७ जानेवारी

ठरलं एकदाचं. डाउनटाउन प्रेस्बिटेरियन चर्च. मे महिन्यात इथल्या, म्हणजे अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या, लायब्ररीत जुन्या इमारतींच्या मॉडेल्सचं छोटंसं प्रदर्शन आहे, हौशी लोकांसाठी, कुणीही काहीही करून आणा असं. रायमन ऑडिटोरियम (गाण्याचा जुना हॉल) चौघांनी धरलंय, कॅपिटॉल (राज्याचं विधानभवन) दोघांनी. आणि या दोन्हीच्या मधोमध जी इमारत उभी आहे, जिच्यासमोरून सगळे टुरिस्ट हॉटेल शोधत मोबाइलमध्ये मान घालून जातात, ती कुणीच घेतली नव्हती. मला बरंच झालं.

स्केल १:१००. मनोरे १०४ फूट उंच आहेत, म्हणजे ३१.७ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये ३१.७ सेंटीमीटर. आपल्या डायनिंग टेबलावर मावतंय. खात्रीचं माप म्हणून तेवढंच हातात आहे, बाकीचं सगळं फोटोवरून प्रमाण काढत न्यायचं. मनोऱ्याच्या उंचीवर फोटो बसवला की दरवाजा, खांब, खिडक्या आपोआप मापात येतात, फक्त फोटो अगदी समोरून घेतलेला पाहिजे, नाहीतर वरचं सगळं मागे कललेलं येतं.

१३ जानेवारी

आज कोपऱ्याचा इतिहास वाचत बसले आणि कटरला हातही लावला नाही.

या कोपऱ्यावरची ही तिसरी इमारत. पहिलं चर्च १८१६ चं, ते १८३२ ला जळालं. दुसरं बांधलं ते १८४८ ला जळालं. पहिल्याच्या पायऱ्यांवर अँड्र्यू जॅक्सनला टेनेसी राज्यातर्फे मानाची तलवार दिली होती, न्यू ऑर्लिन्सच्या लढाईबद्दल. दुसऱ्यात १८३९ ला जेम्स पोकने गव्हर्नर म्हणून शपथ घेतली. म्हणजे दोन्ही माणसं पुढे राष्ट्राध्यक्ष झाली आणि दोघांच्या आठवणी ज्या इमारतींशी जोडलेल्या त्या मात्र राख. गाइड लोक सर्रास आत्ताच्या पायऱ्या दाखवून "इथे जॅक्सन उभा होता" म्हणतात, जागा तीच आहे म्हणा, पण पायऱ्या नाहीत.

दुसरी आग लागली तेव्हा नॅशव्हिलमध्ये योगायोगाने विल्यम स्ट्रिकलंड होता. फिलाडेल्फियाचा नावाजलेला आर्किटेक्ट, तिथली सेकंड बँक आणि मर्चंट्स एक्स्चेंज त्याचीच. बेंजामिन लॅट्रोब या आर्किटेक्टचा शिष्य. १८४५ पासून तो इथे टेनेसीचं कॅपिटॉल बांधत होता. टेकडीवर चुनखडीच्या दगडाचं ग्रीक देऊळ चाललेलं, त्यावर कैदी आणि गुलाम राबत होते, पैसे कायम अडकलेले. अशात खाली चर्चवाल्यांना आर्किटेक्ट हवा होता, आणि देशातल्या पहिल्या फळीतला माणूस चालत दहा मिनिटांवर बसलेला. २८ एप्रिल १८४९ ला कोनशिला बसली.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत पोक वारला, कॉलराने, अध्यक्षपद सोडून तीन-साडेतीन महिने झाले होते. त्याची समाधीही स्ट्रिकलंडनेच डिझाइन केली. त्याची बायको सारा या चर्चची सभासद, ती १८९१ पर्यंत जगली. हे लिहून ठेवतेय कारण साराचा पुढे उपयोग आहे.

१४ जानेवारी

माउंट बोर्ड आणलं, २ मिमी. बल्साचं हलकं लाकूड फार महाग वाटलं, ठेवून आले.

२१ जानेवारी

कडाक्याची थंडी, तरी जाऊन समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. नवरा गाडीत हीटर लावून बसला आणि दर पाच मिनिटांनी "झालं का" असा मेसेज.

समोरून काय दिसतं: दोन मनोरे, मध्ये पोर्च आत ओढून घेतलेला, आणि त्या खाचेत दोन जाडजूड खांब, वर फुललेल्या कमळासारखे उमलणारे, चक्क रंगवलेले. खांबांच्या वर पंख पसरलेलं सूर्यबिंब. भिंती विटांच्या. दोन्ही बाजूंना काचेचे टॉवर, समोर बस, आणि मध्ये हे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं थिएटर असेल, किंवा फ्रीमेसन लोकांचा एखादा जुना लॉज. चर्च वाटतच नाही. क्रॉस शोधावा लागतो.

मग प्रश्न आलाच, ख्रिस्ती लोकांनी फॅरोच्या देवळासारखं चर्च का बांधलं? बायबलमध्ये तर इजिप्त म्हणजे गुलामगिरी, तिथून मोझेसने लोकांना सोडवून आणलं.

तर हे असं आहे. १७९८ ला नेपोलियन इजिप्तवर चालून गेला, सैन्याबरोबर विद्वान आणि चित्रकारही नेले. मोहीम फसली पण चित्रं परत आली. १८०२ ला त्यातल्याच दनों या चित्रकाराचं सचित्र पुस्तक आलं, १८०९ पासून सरकारी खर्चाने मोठमोठे ग्रंथ निघायला लागले, १८२२ ला शांपोलियॉनने चित्रलिपीचं कोडं सोडवलं. युरोप-अमेरिकेतल्या प्रत्येक आर्किटेक्टच्या टेबलावर कर्नाक आणि देंदेराच्या देवळांची चित्रं पोचली. इजिप्तला कधीही न गेलेली माणसं त्यावरून इमारती काढायला लागली. स्ट्रिकलंडने स्वतः १८२० च्या दशकातच फिलाडेल्फियात मिकवे इस्रायल या सिनेगॉगला (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला) इजिप्शियन वळण दिलं होतं, म्हणजे नॅशव्हिलला आल्यावर अचानक काही सुचलं असं नाही.

आणि ही शैली लोकांनी वापरली कुठे? तर मुख्यतः स्मशानाच्या वेशी आणि तुरुंग. न्यूयॉर्कचा १८३८ चा "टूम्ब्स" तुरुंग याच शैलीत. जाड भिंती, वर निमुळत्या होत गेलेल्या, आत गेलेला परत येत नाही असं सांगणाऱ्या. स्मारकांनाही चालायची, वॉशिंग्टन मॉन्युमेंटचा ओबेलिस्क (वर निमुळता होणारा चौकोनी खांब) १८४८ ला सुरू झाला तो याच लाटेतला. टिकाऊपणा, काळाला पुरून उरणं, असा त्याचा अर्थ लोक लावत होते. दोनदा जळालेल्या चर्चला टिकाऊ दिसायची हौस असणं मला पूर्ण पटतं! शिवाय बायबलमधल्या सॉलोमन राजाचं देऊळ नेमकं कसं होतं कुणालाच माहीत नाही, जुन्या करारातल्या काळाच्या जवळ जायचं तर गॉथिकपेक्षा इजिप्त जवळचं, असाही विचार त्या काळात होता.

हात गोठले म्हणून फोटो थोडे हललेत.

२७ जानेवारी

आज फक्त कॉर्निस. इजिप्शियन इमारत ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे भिंतीच्या माथ्याला बाहेर झुकणारी आतून पोकळ गोलाई. मूळ इजिप्तमध्ये मातीच्या भिंतीच्या वर पामच्या फांद्यांचे शेंडे बाहेर वाकायचे, तेच पुढे दगडात आलं म्हणतात. त्याच्या खाली दोरीसारखा गोल पट्टा.

मॉडेलमध्ये करायची युक्ती सापडली. टिश्यू रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी लांबीत चार भागांत कापायची, त्यातला एक भाग आतली बाजू समोर करून उभा चिकटवायचा, झाली गोलाई. नळी जरा जाड पडते म्हणून आतून सँडपेपर मारला. खालच्या गोल पट्ट्याला लोकरीचा धागा गोंदात बुडवून. लांबून बेमालूम.

सूर्यबिंब मात्र डोकेदुखी. १:१०० ला ते बोटाच्या पेराएवढं येतं आणि पंखांची पिसं कापता येत नाहीत. शेवटी जाड कागदावर सुईने रेघा दाबून काढली. हे पंखवालं बिंब बघितलं की मुंबईतल्या माणसाला पारशी अग्यारी आठवणार. ते काही उगाच नाही, इजिप्तमधून हे चिन्ह मेसोपोटेमियात गेलं, तिथून इराणात, आणि अग्यारीवरचं फरवहर हे त्याच वंशातलं. फोर्टमधून ऑफिसला जाणाऱ्या कितीतरी जणांनी हे रोज पाहिलंय.

४ फेब्रुवारी

अडकले. बाहेरून इमारत उभी झाली (पांढरी, रंग नाही), आता आतलं करायचं तर कोणतं साल धरायचं?

कारण स्ट्रिकलंडचं चर्च आतून असं नव्हतंच. आज जे बघायला लोक येतात ते भडक लाल-हिरवे-निळे खांब, कमळं, पट्टे, त्यातलं काहीही १८५१ ला नव्हतं. तेव्हा आतून बऱ्यापैकी साधं होतं. रंगकाम झालं १८८० ते ८२ मध्ये, आणि इजिप्शियन नक्षीच्या रंगीत काचा बसल्या १८८७ ला. स्ट्रिकलंड १८५४ लाच गेला होता. त्याला कॅपिटॉलच्याच भिंतीत पुरलंय, स्वतःच्या इमारतीत, जी तेव्हा पूर्णही झाली नव्हती. म्हणजे आतली सजावट त्याने बघितली नाही, सांगितली असण्याचा तर प्रश्नच नाही.

आणि तरी ज्या ज्या ठिकाणी या चर्चबद्दल दोन ओळी येतात तिथे "विल्यम स्ट्रिकलंडचं इजिप्शियन चर्च" असं एकदम ठोकून देतात, आतबाहेर एकाच माणसाने एकाच झटक्यात केल्यासारखं. मला हे खटकतंय. तीस-पस्तीस वर्षांनी ज्या लोकांनी म्हटलं की बाहेरून इजिप्त आहे ना, मग आतूनही होऊ दे, त्यांचं काय? बरं, हे लोक म्हणजे काही हौशी तरुण नव्हते, साउथमधले जुने प्रतिष्ठित प्रेस्बिटेरियन, पुढच्या बाकांवर सारा पोकसारख्या वयस्कर बाया. तिने दोन्ही बघितली, पांढरी आणि रंगीत. तिला काय वाटलं असेल मला फार जाणून घ्यायचंय.

१० फेब्रुवारी

काम शून्य. आईशी व्हिडिओ कॉल, तिला मॉडेल दाखवलं. म्हणाली, "अगं हे प्रेस्बिटेरियन म्हणजे आपल्या मिशन हॉस्पिटलवालेच ना?" आम्ही मिरजेचे. वानलेस हॉस्पिटल १८९४ चं, डॉक्टर विल्यम वानलेस प्रेस्बिटेरियन मिशनचे, त्याआधी कोल्हापुरात वाइल्डर १८५२ लाच येऊन बसले होते. त्यामुळे सांगली-मिरज-कोल्हापूरकडच्या माणसाला हे नाव नवीन नाही, अर्थ माहीत नसला तरी.

आईला सांगितलं, हो आणि नाही. यादवी युद्धात १८६१ ला अमेरिकेतलं प्रेस्बिटेरियन चर्च उत्तर-दक्षिण फुटलं, गुलामगिरी आणि देश एकसंध ठेवायचा की नाही यावरून. मिरजेला आले ते उत्तरेकडच्या शाखेचे, आणि नॅशव्हिलचं हे चर्च दक्षिणेकडच्या. दोन्ही परत एक झाले १९८३ ला. एकशेबावीस वर्षं! आई म्हणाली भाऊबंदकी सगळीकडे सारखीच.

प्रेस्बिटेरियन म्हणजे कारभार बिशपकडे नसून निवडलेल्या वडीलधाऱ्यांच्या मंडळाकडे, आणि आत मुख्य जागा प्रवचनाच्या व्यासपीठाची. संतांचे पुतळे नाहीत. हे मॉडेलसाठी महत्त्वाचं, कारण आत मूर्ती-बिर्ती करायची नाहीये, समोरची भिंत हीच सगळं काही.

१३ फेब्रुवारी

पत्त्याची पाटी. लायब्ररीच्या फॉर्मवर पत्ता लिहायचा होता. जुना पत्ता १५४ फिफ्थ अव्हेन्यू नॉर्थ, २०२१ पासून १५४ रेप्रेझेंटेटिव्ह जॉन लुइस वे नॉर्थ. स्ट्रिकलंडच्या वेळी तर समर स्ट्रीट आणि स्प्रिंग स्ट्रीटचा कोपरा होता. आडव्या स्प्रिंग स्ट्रीटचं पुढे चर्च स्ट्रीट झालं.

आणि आजचीच तारीख. १३ फेब्रुवारी १९६० ला याच रस्त्यावरच्या वूलवर्थ, क्रेस, मॅक्लेलन या दुकानांच्या लंच काउंटरवर काळे विद्यार्थी जाऊन बसले, आणि त्यांना वाढायला नकार मिळाला. मग ते परत परत आले, मार खाल्ला, जेलमध्ये गेले. त्यात जॉन लुइस होता, पुढे खासदार झालेला, ज्याचं नाव आता रस्त्याला आहे, तेव्हा इथे सेमिनरीत (पाद्री व्हायच्या कॉलेजात) शिकत होता. १० मे ला सहा दुकानांनी काउंटर सगळ्यांना खुले केले. चर्चपासून हे सगळं हाकेच्या अंतरावर. नवीन पत्ता लिहिला.

२५ फेब्रुवारी

आत जाऊन आले. रविवारची प्रार्थना संपल्यावर तिथल्या एका बाईंना विचारलं फोटो काढू का, त्या म्हणाल्या काढा की, आणि स्वतः दिवे लावून दिले.

आता खरं सांगायचं तर फोटोंमध्ये बघून मला वाटलं होतं जरा फिल्मी असेल. तसं आहेच! पण प्रत्यक्ष त्याच्यासमोर उभं राहिल्यावर हसू येत नाही. सगळ्यात भारी समोरची भिंत. तिथे व्यासपीठामागे खांबांच्या रांगा लांब आत गेल्यात, कर्नाकच्या खांबांच्या दालनासारख्या, एकामागे एक, लहान लहान होत. आणि ते खोटं आहे. भिंत सपाट आहे. सगळं रंगवलेलं, एका बिंदूत जाणारं पर्स्पेक्टिव्ह. मधल्या वाटेत उभं राहिलं की भिंत गायब होते आणि वाटतं मागे अजून एक अख्खं देऊळ आहे. दोन बाकं बाजूला सरकलं की खांब वाकडे पडायला लागतात आणि जादू संपते.

मला एकदम आपल्या संगीत नाटकांचे रंगवलेले पडदे आठवले. सांगलीकडची मुलगी, भाव्यांच्या गावाशेजारची, दुसरं काय आठवणार. राजवाड्याचा पडदा, त्यावर कमानींची रांग आत आत गेलेली, आणि मधोमध बसलेल्यालाच तो राजवाडा नीट दिसणार, कडेच्या खुर्चीवाल्याला पडदाच.

आणि इथे एक गंमत आहे जी मला घरी येऊन जुन्या टिपणांत परत दिसली. स्ट्रिकलंड तरुणपणी न्यूयॉर्कच्या पार्क थिएटरमध्ये नाटकाचे पडदे रंगवायचा! त्याचे वडील तिथे सुतारकाम करत होते. म्हणजे ज्याने हे आतलं रंगवलं नाही तोच आयुष्याच्या सुरुवातीला नेमकं हेच काम करत होता. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण बाहेरच्या पोर्चकडेही मी आता वेगळ्या नजरेने बघतेय. विटांच्या नेहमीच्या पेटीला पुढून एक देखावा लावलाय. बाजूच्या गल्लीतून बघितलं तर ती अमेरिकन विटांची इमारतच आहे. म्हणजे १८८० वाल्यांनी स्ट्रिकलंडशी दगाफटका केला नाही, त्याचाच खेळ आत नेला. आणि मला वाटतं त्यांनी त्याच्यापेक्षा चांगला खेळला, हे कुणाला आवडो न आवडो.

निर्णय: आतला भाग काढता-घालता येईल असा करायचा. एक पेटी पांढरी, १८५१ ची. एक रंगीत, १८८७ ची. बाहेरची इमारत तीच, बघणाऱ्याने हाताने बदलायची.

३ मार्च

रंगीत पेटी. समोरची भिंत मी रंगवायला घेतली होती पण १:१०० ला ब्रशने हे होणे नाही, माझ्याच्याने तर नाहीच. काढलेला फोटो सरळ करून मॅट कागदावर छापला. दरवाजाच्या बाजूने एक डोळा मिटून आत बघितलं की खोली उघडते, अगदी खरी. वरून छप्पर काढून बघितलं की सपाट चिटोरं. म्हणजे मॉडेलला छप्पर बंदच ठेवायचं आणि बघायला दारातून भोक, हे पण ठरलं.

खिडक्यांना ट्रान्सपरन्सी शीट, मागून एलईडीची पट्टी. काचांवर माणसं-प्रसंग नाहीत, नक्षीच आहे, त्यामुळे छापणं सोपं गेलं. जुने फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या हॅब्स संग्रहात मिळाले. हॅब्स म्हणजे १९३३ ला मंदीच्या काळात बेकार आर्किटेक्टना काम मिळावं म्हणून सरकारने सुरू केलेली जुन्या इमारतींची नोंदणी. अशी बेकारी हटाव योजना आपल्याकडेही चालली असती, आपले वाडे तरी कागदावर राहिले असते.

१७ मार्च

यादवी युद्धाची नोंद राहिली होती.

फेब्रुवारी १८६२ ला नॅशव्हिल युनियनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या, सैन्याच्या ताब्यात गेलं, बंडखोर राज्यांमधली पडलेली पहिली राजधानी. लढाई न होताच. मग अख्खं शहर सैन्याचं गोदाम आणि दवाखाना झालं, चर्चं, शाळा, वखारी सगळं ताब्यात. वर्षाच्या शेवटी स्टोन्स नदीची लढाई झाली, इथून तीसेक मैलांवर, आणि जखमींची रीघ लागली. हे चर्च झालं हॉस्पिटल नंबर ८. खाटा २०६. युद्धानंतर नुकसानभरपाई म्हणून सरकारने ७,५०० डॉलर दिले. बांधायचा खर्च साधारण ५१,००० होता, त्यावरून किती वाट लागली असेल अंदाज करा.

२०६ आकडा वाचून पुढे जाता येत नाही असं झालं म्हणून पट्ट्या कापल्या. एक खाट साधारण १९ मिमी बाय ८ मिमी. पांढऱ्या कागदाच्या २०६ पट्ट्या, बारीक कात्रीने, दोन संध्याकाळी आणि पॉडकास्ट. एका काड्यापेटीत भरून मॉडेलशेजारी ठेवणार आहे, ज्याला मांडून बघायच्या त्याने पांढऱ्या पेटीत मांडून बघाव्यात, चालायला वाट कुठे सोडता ते ठरवावं. मुलं करतील. मोठी माणसं हात लावणार नाहीत, मला माहितीये.

आणि हे ध्यानात घ्या की जखमी सैनिक ज्या भिंती बघत पडले होते त्या साध्या होत्या. एका वेबसाइटवर "इजिप्शियन खांबांच्या सावलीत तळमळणारे सैनिक" असं काहीतरी वाचलं. बाहेरच्या दोन खांबांच्या सावलीत पडले असतील तर माहीत नाही!

२४ मार्च

घंटा. १८६७ ची, वजन चार हजार पौंडांच्या वर, म्हणजे १,८०० किलोच्या आसपास. काही काळ अख्ख्या शहराला आगीची वर्दी देण्यासाठी हीच वापरायचे. दोनदा आगीत गेलेल्या जागेवर शहराची आगीची घंटा, याला काय म्हणावं.

दिली कुणी तर अडेलिशिया अ‍ॅक्लन. ही बाई म्हणजे स्वतंत्र प्रकरण आहे. पहिला नवरा आयझॅक फ्रँकलिन, त्या काळातला देशातला सगळ्यात मोठा गुलामांचा व्यापारी म्हणावा असा. तो गेल्यावर लुइझियानातली कापसाची प्लँटेशन्स आणि शेकडो गुलाम हिच्या नावावर. नॅशव्हिलला बेलमाँट नावाचा बंगला बांधला, आजही आहे, युनिव्हर्सिटीच्या आवारात. युद्धात सगळे कंगाल होत असताना हिने दोन्ही बाजूंना गोड बोलून २,८०० गासड्या कापूस नाकेबंदीतून लंडनला पोचवला आणि ९,६०,००० डॉलर सोन्यात घेतले. मग चर्चला घंटा.

म्हणजे ती घंटा कुणाच्या घामाची, हे सांगायला हिशोबनीस लागत नाही. चर्चवर टीका म्हणून नाही लिहीत, ते लोकही आजकाल हा इतिहास लपवत नाहीत. पण "उदार देणगीदार" एवढंच छापलेलं बघितलं की माझं डोकं फिरतं. कार्डावर फ्रँकलिनचं नाव घालणार. 

घंटा पुठ्ठ्यातून होईना, शेवटी पैंजणातला एक घुंगरू रंगवून लटकवला. हलवलं की वाजतो, ते लायब्ररीवाल्यांना चालेल की नाही बघू.

७ एप्रिल

मधली वर्षं पटापट. युद्ध संपलं, रंगकाम झालं, काचा आल्या, शहर वाढलं. आणि विसाव्या शतकात जे सगळ्या अमेरिकन डाउनटाउनचं झालं तेच इथे, पैसेवाले गोरे लोक उपनगरात गेले. १९५५ ला फर्स्ट प्रेस्बिटेरियनने (तोवर या इमारतीचं नाव तेच) गावाबाहेर ओक हिलला जायचं ठरवलं. डाउनटाउनची जागा म्हणजे सोनं, आणि तो काळ जुनं पाडून पार्किंग करायचा. थोड्याशा सभासदांनी अडून बसून, पैसे जमवून इमारत विकत घेतली आणि डाउनटाउन प्रेस्बिटेरियन असं नवीन नाव लावलं. मोठा गट नाव घेऊन गेला, लहान गटाला भिंती मिळाल्या.

यावर कुणी फारसं बोलत नाही पण मला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग वाटतो. स्ट्रिकलंडचं नाव सगळे घेतात. पण इमारत आज उभी आहे ती या हट्टी लोकांमुळे. सरकारी शिक्के नंतर आले, ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत १९७० ला, नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क १९९३ ला. तोवर १९५५ होऊन गेलं होतं.

आणि छोटा गट, मोठी इमारत, रिकाम्या खोल्या, त्यामुळे तिथे वेगळीच माणसं आली. कलाकारांना स्टुडिओला जागा दिली. रस्त्यावर राहणाऱ्यांना जेवण. २००७ ला "द कॉन्ट्रिब्युटर" नावाचं वर्तमानपत्र सुरू झालं, जे बेघर लोक स्वतः विकतात आणि त्यावर कमावतात, त्याचंही ऑफिस याच इमारतीत होतं. सिग्नलला पिवळं जॅकेट-बिकेट घालून पेपर विकणारा माणूस दिसला की आता घ्यायचा असं नवऱ्याला सांगून ठेवलंय.

रंगाचा पहिला हात दिला बाहेरून. विटांचा रंग जरा जास्तच टोमॅटो आलाय, उद्या त्यावर पातळ तपकिरी.

२० एप्रिल

१८५१ ला याच तारखेला, ईस्टरच्या रविवारी, चर्चचं उद्घाटन झालं. त्या निमित्ताने नाही, सुटी होती म्हणून आज दिवसभर बसून जोडणी संपवली. मनोरे खालून मॅग्नेट लावून बसतात, काढता येतात.

मध्येच कुणीतरी विचारलं की असं चर्च दुसरं आहे का. आहे, न्यूयॉर्क राज्यात सॅग हार्बरला, तेही प्रेस्बिटेरियन, १८४४ चं, व्हेल मासे पकडणाऱ्यांच्या गावातलं. त्याला १८५ फूट उंच कळस होता, समुद्रातून खलाशांना दिसायचा. १९३८ च्या वादळात उडून गेला तो गेलाच, परत बांधला नाही. ते आतून इजिप्शियन नाही. म्हणजे आतबाहेर दोन्ही, असं बघायचं तर नॅशव्हिललाच यावं लागतं.

२७ एप्रिल

कार्ड. लायब्ररीने साठ शब्द दिलेत आणि "आर्किटेक्ट" असा एकच रकाना. त्यात मी लिहिलं: विल्यम स्ट्रिकलंड, बाहेरचं, १८४९-५१. आतलं, १८८०-८७, दुसऱ्यांचं. फॉर्म घेणाऱ्या बाई म्हणाल्या एकच नाव लागतं. मी म्हटलं मग स्ट्रिकलंडच्या खाली रेघ मारून खालच्या जागेत लिहा, त्यांनी लिहिलं. साठ शब्दांत फ्रँकलिन, १९५५ आणि २०६ खाटा बसवल्या, तलवार बसली नाही. जाऊ दे, ती पायरीही आता नाही.

सोमवारी पोचवायचंय. दोन पेट्या, एक काड्यापेटी, एलईडीला तीन सेल जादा, मनोरे बबल रॅपमध्ये वेगळे. नवरा म्हणतो मागची सीट पूर्ण लागणार, तर तुला मागे बसता येणार नाही. पुढे बसेन की.